पांढऱ्या पेशी भरपूर, तरी पू का धरत नाही?

१९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. मुलांना सारखा जंतुसंसर्ग होई. रक्तात पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या, पण संसर्गाच्या जागी पू धरत नसे. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढताना मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. थोडक्यात, सैन्य रक्तात फिरत होतं, लढाईच्या जागी उतरत नव्हतं.

उलगड्याचा धागा रक्तगटात होता. दोघांचाही रक्तगट 'बॉम्बे' निघाला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेला, तोच. या गटाच्या लाल पेशींवर 'एच' हा घटक नसतो, कारण साखरेच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची छोटी साखर जोडलीच जात नाही.

न्यूट्रोफिललाही हेच फ्यूकोज लागतं. तिच्या पृष्ठभागावर सियालिल लुईस एक्स नावाची शर्करारचना असते. जवळपास संसर्ग झाला, की रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन ही प्रथिनं उगवतात आणि ही रचना पकडतात. पकड क्षणभराची, सुटते, पुन्हा लागते. त्यामुळे वेगाने वाहणारी पेशी भिंतीलगत गडगडत मंदावते. मग इंटिग्रिन प्रथिनं तिला घट्ट धरतात आणि ती भिंतीतून बाहेर सरकते. फ्यूकोज नसेल तर पहिली पकडच बसत नाही. एवढीशी साखर, आणि तिच्यावाचून सगळं अडतं! मला तरी हे फार विलक्षण वाटतं.

मात्र बॉम्बे गटाच्या माणसांनी घाबरू नये. त्यांच्यात फक्त 'एच'साठी फ्यूकोज जोडणारं विकर बिघडलेलं असतं; न्यूट्रोफिलवर ते काम दुसरी विकरं करतात. त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत असते. त्या मुलांमध्ये बिघाड आणखी मागे होता. पेशीतल्या गॉल्जी या भागात फ्यूकोज पोचवणारं वाहक प्रथिनच सदोष होतं, हे २००१ मध्ये जनुक सापडल्यावर कळलं.

त्याआधीच, १९९९ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांनी याच आजाराच्या एका तुर्की मुलाला तोंडावाटे फ्यूकोज दिलं होतं. त्याचे संसर्ग कमी झाले, पांढऱ्या पेशींची संख्याही खाली आली. इस्रायलमधल्या मुलांना त्या वेळी तसा गुण आला नाही. त्यांच्या वाहक प्रथिनातला दोष वेगळा होता.