पुरे, छत्रपती संभाजीनगरचे (बावन्नपुरे)

मराठवाड्याचे मुख्य ठिकाण असलेल्या छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) शहरात व त्याच्या जुन्या तटाभोवती मुख्यतः सतराव्या शतकात वसलेल्या वस्त्यांना ‘पुरे’ म्हणतात. एखाद्या सरदाराने, मनसबदाराने किंवा राजघराण्यातील व्यक्तीने लवाजम्यासह वसवलेली, स्वतःचा बाजार, विहीर अथवा हौद, देऊळ किंवा मशीद आणि अनेकदा स्वतःची वेसही असलेली वस्ती म्हणजे पुरा. पुण्याच्या पेठांशी पुऱ्यांची तुलना केली जाते, पण ती पुरेशी नाही. पेठ मुळात व्यापारउदिमासाठी वसे व तिचा कारभार शेटे-महाजनांकडे असे. पुऱ्याचा धनी बहुधा लष्करी माणूस असे. त्याची नेमणूक बदलली की पुऱ्याचे नशीबही बदले.

शहराला ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ असल्याचे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. मात्र पुऱ्यांच्या उपलब्ध याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. काहींत एकच वस्ती दोन नावांनी येते, तर काहींत गल्ल्या आणि बाजारही पुरे म्हणून मोजलेले दिसतात. बावन्न हा आकडा मराठीत भरगच्चपणा दाखवण्यासाठी रूढ आहे (बावन्न वीर, बावन्नकशी सोने), त्यामुळे तो मोजणीचा नसून गौरवाचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दरवाज्यांबाबतही असेच म्हणता येईल. त्यांपैकी मोठे दरवाजे आणि साध्या खिडक्या वेगळ्या काढल्या, तर दिल्ली, मकाई, पैठण व जालना हे चार प्रमुख ठरतात. या चौघांहून जुना आहे तो भडकल दरवाजा. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तो १६१२ मध्ये उभारला, असे मानले जाते.

शहराचा गाभा म्हणजे खाम नदीकाठचे खडकी हे गाव. मलिक अंबरने १६१० मध्ये तेथे राजधानी वसवली. गावाच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘खडक’ या शब्दावरून खडकी ही एक व्युत्पत्ती, तर ‘खिडकी’वरून दौलताबादची खिडकी या अर्थाने खिरकी अथवा खिडकी ही दुसरी. फार्सी साधनांवरून हा वाद मिटत नाही, कारण त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि दोन्ही उच्चार एकाच अक्षरजुळणीत सामावतात. परिसराची कातळी जमीन व मराठी मुलखात इतरत्रही आढळणारे खडकी हे ग्रामनाम पाहता पहिली व्युत्पत्ती स्वीकारणे बरे. १६२६ मध्ये अंबर वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये दुसऱ्यांदा आला, तेव्हा औरंगाबाद हे नाव रूढ झाले.

अंबरच्या काळातील पुऱ्यांत मराठा सरदारांचे पुरे सर्वांत जुने असावेत. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे परंपरेने सांगितली जातात व त्यांचा संबंध वेरूळच्या भोसल्यांशी जोडला जातो. यांतील मालपुरा हा शहाजीराजांचे वडील मालोजी यांचा, असे सर्रास लिहिले जाते. तथापि मालोजींच्या मृत्यूचे वर्ष निश्चित नाही. ते इंदापूरच्या लढाईत १६०६ च्या सुमारास पडले हे मत धरले, तर खडकी राजधानी होण्यापूर्वीच ते हयात नव्हते. ते १६२० नंतर वारले असे मानणारेही अभ्यासक आहेत. पण हा पेच दुसऱ्या वाटेने सुटू शकतो. मालोजींचे बंधू विठोजी यांच्या आठ मुलांत खेलोजी, मालोजी आणि परसोजी ही तिन्ही नावे आहेत. हे तिघे बंधू १६२९-३० च्या सुमारास निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते, म्हणजे ते खडकीच्या भरभराटीच्या काळातले. विठापुरा वडिलांचा आणि उरलेले तीन पुरे मुलांचे असे मानले की चारही नावे एकाच घराण्याच्या एकाच शाखेत नीट बसतात. या मताला कागदोपत्री आधार मिळायला हवा. तरीही शहाजीराजांच्या वडिलांच्या मृत्यूचे वर्ष मालपुऱ्यासाठी पुढे ओढण्यापेक्षा ते अधिक सरळ आहे. १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये मोगल फौजांनी खडकीची नासधूस केली, त्यामुळे या पुऱ्यांच्या मूळ वास्तू उरलेल्या नाहीत.

मोगल काळातील पुऱ्यांत बेगमपुरा सर्वांत प्रसिद्ध आहे. खामच्या पलीकडच्या काठावरील या पुऱ्याला स्वतंत्र तट होता व शहराशी तो मकाई दरवाज्याच्या पुलाने जोडलेला आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम (मरणोत्तर राबिया-उद-दौरानी) हिच्या दफनस्थळामुळे पुऱ्याला हे नाव मिळाले. तिच्या समाधीची, म्हणजे बीबी का मकबऱ्याची, कालमर्यादा १६५१ ते १६६१ अशी वारंवार छापली जाते. परंतु दिलरसबानू १६५७ मध्ये निवर्तली, त्यामुळे १६५१ हे प्रारंभवर्ष स्वीकारता येत नाही. मुख्य दरवाज्यावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावे असून त्यातील काळ १६६०-६१ चा येतो. तोच काळ समाप्तीचा धरावा. मकबरा मुलगा आझमशाह याने बांधला, हे विधानही तारतम्यानेच घ्यावे लागते. त्याचा जन्म १६५३ चा असल्याने बांधकाम पुरे झाले तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. फार तर पुढची देखभाल व भर त्याची असेल.

राजपूत मनसबदारांच्या पुऱ्यांची माहिती तुलनेने बरीच मिळते, कारण त्यांच्या घराण्यांनी दप्तरे जपली. दख्खनच्या मोहिमा वर्षानुवर्षे चालत. राजे, त्यांचे भाऊबंद, घोडदळ, कारागीर, पुरोहित, वाणी असा सारा गोतावळा येथेच राही. जयसिंगपुरा (मिर्झाराजा जयसिंह), जसवंतपुरा (मारवाडचा जसवंतसिंह), पहाडसिंगपुरा (ओर्छ्याचा पहाडसिंह बुंदेला) आणि भावसिंगपुरा (बुंदीचा राव भावसिंह हाडा) ही नावे त्यातूनच आली. डोंगराच्या पायथ्याशी असलेला पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल आज संग्रहालय म्हणून पाहता येतो. पहाडसिंह १६५३-५४ च्या सुमारास वारला, तेव्हा महाल त्याचा मानल्यास तो त्याआधीचा ठरतो. भावसिंहाचा मृत्यू याच शहरात झाला, मात्र त्याचे वर्ष १६७८ की १६८२ याबाबत एकवाक्यता नाही.

बिकानेरच्या पुऱ्यांचा इतिहास विलक्षण आहे आणि त्याची दखल शहराच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. बिकानेरचा राजा करणसिंह (कारकीर्द १६३१-६९) औरंगाबादेतच मरण पावला. त्याच्या नावाचा करणपुरा, मुलगा पदमसिंह याच्या नावाचा पदमपुरा आणि दुसरा मुलगा केसरीसिंह याच्या नावाचा केसरसिंगपुरा असे तीन पुरे खामच्या परिसरात वसले. मोगल सत्ता ओसरली, निजाम आले, इंग्रजांची छावणी उभी राहिली, तरी हे पुरे व लगतची कोकणवाडी बिकानेर संस्थानाच्याच मालकीची राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ मध्ये, महाराजा गंगासिंह याने ती छावणीसाठी ब्रिटिश सरकारला दिली व बदल्यात हिस्सार जिल्ह्यातील दोन गावे आणि २५,००० रुपये घेतले. मराठवाड्यातील चार वस्त्या अडीचशे वर्षांच्या आसपास वाळवंटातील एका संस्थानाच्या दप्तरात होत्या, ही गोष्ट पुरा या संस्थेचे स्वरूप समजण्यासाठी फार मोलाची आहे. आज राजस्थानातील श्रीगंगानगर जिल्ह्यात करणपूर, पदमपूर आणि केसरीसिंहपूर ही तिन्ही नावे गावांना आहेत. गंगासिंहाने काढलेल्या कालव्याच्या (१९२७) मुलखात ती यावीत, हा योगायोग वाटत नाही.

इकडे मात्र ‘करण’चा विसर पडला. लोकांच्या तोंडी कर्णपुरा हे रूप बसले आणि त्याचा संबंध महाभारतातील कर्णाशीही लावला जातो. तेथील तुळजाभवानीचे मंदिर करणसिंहाने बांधले, अशी परंपरा आहे. नवरात्रातील कर्णपुऱ्याची यात्रा ही शहरातील सर्वांत मोठी यात्रा असून तिला पंचक्रोशीतील गावेच्या गावे येतात.

तटाचा विचार पुऱ्यांपासून वेगळा करता येत नाही. फ्रेंच प्रवासी तेवनो १६६७ च्या सुमारास आला, तेव्हा या मोठ्या शहराला तट नव्हता. औरंगजेब १६८२ मध्ये येथे येऊन राहिला व मराठ्यांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी तट बांधला गेला. याचा अर्थ असा की बहुतेक पुरे तटापेक्षा जुने आहेत. ‘तटाबाहेरची उपनगरे’ हे त्यांचे वर्णन नंतरचे होय. भिंत आधीपासून वसलेल्या वस्त्यांच्या मधून गेली, काही आत आल्या, काही बाहेर राहिल्या.

त्यांना जोडणारा खरा धागा पाण्याचा होता. मलिक अंबरने सुरू केलेली नहर-ए-अंबरी व नंतरच्या नहरी डोंगराकडील भूजल खापरी नळांतून शहरात आणत. चढउताराच्या ठिकाणी दाब राखण्यासाठी उंच बंबे बांधलेले असत. बेगमपुऱ्याला थत्ते नहरीचे पाणी होते. पाणचक्कीची नहर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला पाणी पुरवते व तेथील चक्की १७४४ ची मानतात. नहरींवर घरे, रस्ते आणि कूपनलिका चढल्याने बहुतेक कोरड्या पडल्या. ही हानी भरून येण्यासारखी नाही.

निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलवल्यावर अनेक पुरे ओस पडले. नवाबपुरा, चेलीपुरा, किराडपुरा, बायजीपुरा, खोकडपुरा, कोतवालपुरा, उस्मानपुरा हे आज गजबजलेले आहेत, पण त्यांच्या संस्थापकांविषयीची माहिती बव्हंशी मौखिक आहे. जिन्सी हे नाव तोफखान्याच्या साहित्याशी संबंधित आहे. गुलमंडीची फुलांचा बाजार व गुळाचा बाजार अशा दोन्ही व्युत्पत्ती सांगतात. व्यवसायावरून नाव पडलेला पुरा शहराबाहेरही आढळतो: दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानचा कागजीपुरा हातकागदासाठी ख्यातनाम आहे.

पुऱ्यांपलीकडे गावे होती. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा भोवतालची अठरा खेडी हद्दीत आली. हर्सूल, पडेगाव, मिटमिटा, चिकलठाणा, मुकुंदवाडी, गारखेडा, कांचनवाडी, नक्षत्रवाडी अशा गावांचे गावठाण आजही ओळखू येते: मारुतीचे देऊळ, पार, बैलपोळ्याची मिरवणूक. शेतीच्या तुकड्यांवर गुंठेवारीच्या वसाहती उठल्या, त्यांना रस्ते व पाणी फार उशिरा मिळाले. साताऱ्याचे खंडोबा मंदिर व तेथील चंपाषष्ठीची यात्रा शहरवासीयांना परिचित आहे. सातारा-देवळाईला अल्पकाळ स्वतंत्र नगरपरिषदही होती. पश्चिमेला वाळूज औद्योगिक वसाहतीमुळे रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही गावे कामगारवस्त्या झाली, तर त्यांच्याजवळचे पंढरपूर आषाढीच्या यात्रेमुळे ‘छोटे पंढरपूर’ म्हणून ओळखले जाते.

सिडकोने १९७० च्या दशकात शहराच्या पूर्वेस मुकुंदवाडी व आसपासच्या जमिनींवर नवी वसाहत आखली. तिचे भाग एन-१, एन-२ असे क्रमांकांनी ओळखले जातात. पत्ता लिहिताना क्रमांक येतो. बोलताना मात्र रिक्षावाल्याला ‘टीव्ही सेंटर’ किंवा ‘कॅनॉट’ असेच सांगतात.