सपरीतला ‘पामेरियन’: नाव एक, कुत्रा दुसरा

विदर्भातल्या गावांत पांढरा, टोकदार नाकाचा, पाठीवर झुबकेदार शेपटी वळवणारा लहान कुत्रा दिसला की तो ‘पामेरियन’. यातले बहुतेक पामेरियन नसतात, इंडियन स्पिट्झ असतात. घोळ नावापुरताच असता तर चाललं असतं. पण या नावावर किंमत ठरते, खुराक ठरतो आणि मे महिन्यात कुत्र्याला कुठे ठेवायचं तेही ठरतं.

मूळ दोघांचं एकच. ज्याच्यावरून पामेरियन हे नाव पडलं, तो बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पोमेरेनिया आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला आहे. तिथले स्पिट्झ, म्हणजे टोकदार नाकाचे, दाट फरचे कुत्रे, अंगाने बरेच मोठे. १७६७ मध्ये राणी शार्लटने इंग्लंडला नेलेली जोडीही आजच्या मानाने मोठीच होती. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून ‘मार्को’ नावाचा साडेपाच किलोच्या आसपासचा कुत्रा आणला आणि लहान अंगाची हौस सुरू झाली. तिच्या हयातीत या जातीचा आकार जवळपास निम्म्यावर आला. आजचा पामेरियन दोन ते साडेतीन किलोचा.

ब्रिटिश काळात जे जर्मन स्पिट्झ हिंदुस्थानात आले, त्यांच्यापासून इथे वेगळी पैदास झाली. तोच इंडियन स्पिट्झ: लहान प्रकार ५ ते ७ किलोचा, मोठा १२ किलोच्या पुढे. म्हणजे सपरीत (ओसरीत) बसलेलं आपलं कुत्रं आजच्या पामेरियनपेक्षा मार्कोच्याच जास्त जवळचं. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफीही इंडियन स्पिट्झच होता. त्यानंतर गावोगावी टफी झाले.

हल्ली ‘टी-कप पामेरियन’ सांगून जे विकलं जातं, ते पुष्कळदा महिन्याभराचं, जंतांनी पोट फुगलेलं पिल्लू असतं. तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारण सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये. मागचा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत चालणाऱ्या पिल्लाच्या गुडघ्याची वाटी सरकत असते. लहान जातींत हा दोष आनुवंशिक. श्वासनलिकाही नाजूक असते, म्हणून साखळी गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला.

थंड मुलखातून आलेली दुहेरी फर या कुत्र्याला नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतही, सोडत नाही. एप्रिल लागला की लोक मशीन लावून कुत्रं भादरतात, ही मोठी चूक. वरचे लांब केस ऊन अडवतात. उष्णता कोंडते ती आतल्या लोकरीत. शिमग्याच्या सुमारास लोकर सुटू लागते, तेव्हा आठवड्यातून तीनदा पिन ब्रशने ती काढावी. कानामागे आणि मांड्यांत आधी, तिथेच जटा होतात. भादरल्यावर कातडी भाजते, आणि स्पिट्झचे केस कधी कधी वर्षभर नीट परत येत नाहीत. तरीही लांब नाकामुळे हा कुत्रा चपट्या नाकाच्या पगपेक्षा पुष्कळ बरा. पारा ४५ वर जाणाऱ्या मुलखात पगचा नाद करूच नये.

दुपारी जागा कूलरच्या खोलीत किंवा मातीच्या भिंतीच्या माजघरात. टिनाखाली कधीच नाही. कुत्र्याचा ताप गुदद्वारातून मोजतात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०४ च्या वर गेला आणि कुत्रं झोकांड्या खाऊ लागलं तर ऊन लागलं समजा. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता, पंखा लावा. ओलं पोतं पांघरू नका, आत वाफ कोंडते. १०३ वर आला की पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा.

सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० कॅलरी पुरतात: एक मध्यम ज्वारीची भाकरी, दोन उकडलेली अंडी, अर्धी वाटी दही. फोडणीचं वरण नको. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात.

पार्व्होची (पिल्लांना रक्ती हगवण लावणाऱ्या विषाणूची) लस सहा-आठ आठवड्यांत सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत; रेबीजची तीन महिन्यांनंतर. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. तालुक्याहून साध्या पिशवीत आणलेली कुपी टोचली काय, न टोचली काय.

घराला लागून जनावरांचा कोठा असेल तर खरी गाठ गोचिडाशी. पांढऱ्या फरमुळे तो दिसतो तरी. कानाच्या आत, बोटांच्या फटीत आणि शेपटीखाली रोज बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका आणि पऱ्हाटीवरचं (कपाशीवरचं) फवारणीचं औषध तर पातळ करूनही नाही. कुत्रं अंग चाटतं, मग लाळ, थरथर, आकडी. ताप, नाकातून रक्त किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर रक्त तपासून घ्या. गोचिडातून येणारा एहर्लिकिया हा जंतू निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं भाकरी खाऊ लागतं आणि गोळ्यांची पट्टी तशीच देवळीत पडून राहते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा नाकातून रक्त येतं ते त्यामुळेच.