टूलबार

सॉफ्टवेअरमध्ये वारंवार लागणाऱ्या आज्ञा बटणांच्या रूपाने ज्या पट्टीवर मांडलेल्या असतात, तिला टूलबार किंवा साधनपट्टी म्हणतात. मेनू आधी उघडावा लागतो, त्यातली नावे वाचून हवी ती आज्ञा शोधावी लागते. टूलबार मात्र कायम डोळ्यांसमोर असतो आणि एका क्लिकमध्ये काम होते.

तो आज्ञा घेतो तशी कामाची सद्यःस्थितीही दाखवतो, आणि या दुसऱ्या गुणाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कर्सर ठळक अक्षरांवर नेला की ठळक करण्याचे बटण दाबलेले दिसते. काहीच निवडलेले नसेल तर कात्रीचे चिन्ह फिकट पडते. मेनू मिटलेला असताना यातले काहीच कळत नाही.

चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमधली पट्टी थोडी वेगळ्या जातीची असते. बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या १९८४ च्या मॅकपेंट या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिल, ब्रश, खोडरबर अशी साधने डावीकडे होती. तिथे साधन एकदा उचलले की दुसरे उचलेपर्यंत तेच हातात राहते. लेखन आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबताच आज्ञा पार पडते आणि विषय संपतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ३.० मध्ये १९९० साली आणि वर्ड फॉर विंडोज २.० मध्ये १९९१ साली अशी पट्टी आली.

रोज वापरणारा माणूस चित्रापेक्षा जागा लक्षात ठेवतो. साठवण्याच्या बटणावर अजूनही फ्लॉपीचे, म्हणजे पूर्वी माहिती साठवायला वापरत त्या चकतीचे, चित्र असते. जिने फ्लॉपी कधी हाताळली नाही अशी पिढीही ते बटण बिनचूक दाबते, कारण ते कुठे आहे हे हाताला ठाऊक असते. म्हणूनच बटणांच्या जागा बदलणे वापरणाऱ्याला महाग पडते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० ने कमी वापरातल्या आज्ञा आपोआप लपवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण कालपर्यंत समोर असलेली वस्तू आज नाहीशी होऊ लागली. ऑफिस २००७ मध्ये अनेक टूलबारांच्या जागी टॅबांत विभागलेली एकच रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली. तिच्यात आज्ञांच्या जागा पुन्हा ठरलेल्या होत्या. तरीही जुन्या वापरकर्त्यांना सगळे नव्याने शिकावे लागले. आपल्या पसंतीची बटणे ठेवण्यासाठी रिबनसोबत एक छोटी पट्टी दिलेली आहे. अनेक लोक तिला हातही लावत नाहीत, हे खेदाचे आहे. रोज लागणाऱ्या चारपाच आज्ञा तिथे आणून ठेवल्या तर टॅब उलटसुलट फिरण्याचा त्रास वाचतो.

ब्राउझरमध्ये या शब्दाला निराळाच इतिहास आहे. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या गूगल टूलबारमुळे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कोणत्याही पानावरून थेट शोध घेता येऊ लागला. ती खरी सोय होती. पुढे मात्र दुसरेच काही इन्स्टॉल करताना आधीच टिकखूण केलेल्या चौकटीतून नको असलेले टूलबार संगणकात शिरू लागले. काही टूलबार मुखपृष्ठ आणि शोधयंत्रही परस्पर बदलत. हा वापरणाऱ्याच्या विश्वासाचा सरळ गैरफायदा होता. पत्ता लिहिण्याच्या जागेतच शोध घेता येऊ लागल्यावर या जोडपट्ट्यांची गरज उरली नाही. गूगलनेही आपला टूलबार २०२१ मध्ये बंद केला.

बटण केवढे असावे, यालाही नियम आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक लागतो. वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात, काही अपवाद वगळता, लक्ष्याचा किमान आकार २४ × २४ पिक्सेल ठरवलेला आहे. माउस न वापरणाऱ्यांसाठी टॅब कळीने पट्टीत एकदाच शिरावे आणि आत बाणांच्या कळांनी फिरावे, अशी रीत सुचवलेली आहे. नाहीतर वीस बटणांची पट्टी ओलांडायला वीस वेळा टॅब दाबावी लागते. चित्राच्या जोडीला प्रत्येक बटणाला नावही द्यावे लागते. ते नसेल तर दृष्टिहीन व्यक्तीला स्क्रीन रीडरमधून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, प्रत्येक ठिकाणी नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते.