मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर: कॅलिब्रेशनला देण्याची रीत, कागदपत्रं आणि मधल्या महिन्यांची तपासणी

वायरिंगचं काम संपलं की टेस्ट रिपोर्टवर दोन आकडे येतात: इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरीचं आवरण गळती किती रोखतं, हे मेगर मोजतो) आणि अर्थिंग (जमिनीची जोडणी किती ओहमची, हे अर्थ टेस्टर मोजतो). महावितरणकडे नवीन कनेक्शनची फाइल जाते तेव्हा त्या रिपोर्टखाली लायसन्सधारक कंत्राटदाराची सही असते. मेगर चुकला तरी सही आपलीच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी हे काम लायसन्सवाल्याच्याच हाती ठेवलंय, त्यामुळे बोटही आपल्याकडेच येतं.

सरकारी टेंडर असो की कारखान्याचं मेंटेनन्स, टेस्टिंगच्या उपकरणांचं एनएबीएल सर्टिफिकेट आता सर्रास मागतात, म्हणजे एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाने मान्य केलेल्या लॅबने मीटर मानकाशी ताडून (कॅलिब्रेट करून) दिलेला दाखला. ते कसं काढायचं ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट: सर्टिफिकेट फक्त त्या दिवसापुरतं बोलतं. दुसऱ्या दिवशी मेगर शिडीवरून पडला, तर फाइलमधल्या कागदाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून वर्षातून एकदाची लॅब आणि दर महिन्याची घरची तपासणी अशी जोडीच हवी.

कोणाकडे द्यायचं

कॅलिब्रेशन कोणीही करून घेऊ शकतो. लायसन्स असलंच पाहिजे असं नाही. पात्रता बघायची ती लॅबची. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅब शोधता येते. कॅलिब्रेशन लॅबच्या मान्यता क्रमांकाची सुरुवात ‘सीसी’ने होते. ‘टीसी’ असेल तर ती टेस्टिंग लॅब; सिमेंट किंवा केबल तपासेल, मेगरशी तिचा संबंध नाही. मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. तिचा स्कोप (मान्य मापांची यादी) उघडा आणि त्यात तुमचं माप आहे का ते पाहा. एखादी लॅब करंट-व्होल्टेजला मान्य असते, पण १००० व्होल्टवरचा हाय रेझिस्टन्स तिच्या स्कोपमध्येच नसतो. मान्यतेची मुदतही तिथेच दिसते.

मुंबईत चुनाभट्टीला आयडीईएमआय ही केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाखालची संस्था आहे. तिच्या नावातच विद्युत मापन उपकरणं आहेत. अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल (पश्चिम) ही केंद्र सरकारचीच लॅब आहे. खासगी लॅब पुणे-ठाणे पट्ट्यात बऱ्याच आहेत. ‘मीटर पाठवू नका, सर्टिफिकेट घरपोच देतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. मीटर न बघता लिहिलेला आकडा कुठून आला, हे ऑडिटमध्ये सांगायची वेळ तुमच्यावर येते, फोन करणाऱ्यावर नाही.

उपकरणाबरोबर काय द्यायचं

लेटरहेडवर विनंतीपत्र किंवा लॅबचा छापील फॉर्म, परत येणाऱ्या मालाचं डिलिव्हरी चलन, जीएसटी नंबर आणि मागचं सर्टिफिकेट असेल तर त्याची झेरॉक्स. पत्रात कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहायचा. नाव-पत्ता लायसन्सवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर. सर्टिफिकेट कोणाच्या नावाने निघालं हे टेंडर उघडताना बघतात.

सिरियल नंबरवरून मी एकदा अडकलो. माझ्या मेगरच्या मागचा स्टिकर घासून पांढरा झाला होता. लॅबने पत्र घेतलं, मीटर बघितला आणि परत दिला. त्यांचं बरोबरच होतं: कागद नक्की कोणत्या मीटरचा हे सिद्ध कसं करणार? तेव्हापासून नवीन मीटर आला की स्टिकरवर आधी पारदर्शक टेप.

लीड, क्लिप, अर्थ टेस्टरच्या वायरी सगळं बरोबर द्या. वायरीच्या तारा दिसत असतील तर आधी बदला. बॅटरी नवी टाका. उतरलेल्या बॅटरीवर मेगरचा व्होल्टेज पडतो आणि दोष मीटरवर येतो.

कोणते पॉइंट मागायचे

मीटर कोणत्या आकड्यांवर (पॉइंटवर) तपासायचा, इथे बहुतेक जण ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून मोकळे होतात. मग लॅब रेंजचे सरधोपट पाच पॉइंट घेते आणि तुमच्या कामाचा त्यात नसतोच. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टवर किमान १ मेगओहम हा निकष आहे. पास-नापास जिथे ठरतं तो १ मेगओहमचा पॉइंट नक्की मागा. अर्थ टेस्टरला १, ५ आणि १० ओहमच्या आसपासचे मागा. १००० ओहमवर तो अचूक असून तुम्हाला काय उपयोग?

मेगरसाठी आणखी एक गोष्ट पत्रात लिहा: लोडवरचा टेस्ट व्होल्टेज मोजून द्या. ५०० व्होल्टच्या रेंजला ०.५ मेगओहमचा लोड लावला तरी चांगला मेगर १ मिलीअँपिअर देत ५०० व्होल्ट टिकवतो. स्वस्तातला तिथे ढेपाळतो. आकडा ठीक दाखवतो, पण इन्सुलेशनवर खरा ताण पडलेलाच नसतो.

चूक निघाल्यास मीटर ॲडजस्ट करायचा का, हेही लिहून द्या. करायचा असेल तर आधीची आणि नंतरची, दोन्ही रीडिंग मागा. आधीची नसतील तर गेल्या वर्षभराची कामं बरोबर होती का, हे कधीच कळणार नाही.

सर्टिफिकेट आलं, आता वाचा

एनएबीएलचं चिन्ह, यूएलआर नंबर (त्या सर्टिफिकेटचा स्वतंत्र क्रमांक), तुमचा सिरियल नंबर, लॅबचं तापमान, आणि लॅबची मानकं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या राष्ट्रीय मानकापर्यंत कशी पोचतात याचा उल्लेख, एवढं आधी बघा. मग खरा तक्ता.

समजा मानक १.०० मेगओहम, तुमचा मीटर १.०४ दाखवतो. चूक ०.०४. मीटरच्या पुस्तकात अचूकता ३ टक्के अधिक २ डिजिट (शेवटच्या अंकाचे दोन, इथे ०.०२), म्हणजे ०.०५ पर्यंत चालतं. पास वाटतंय ना? शेजारच्या रकान्यात अनिश्चितता (लॅबच्या मापातलाच संभाव्य फरक) ०.०२ आहे. मग खरी चूक ०.०६ सुद्धा असू शकते. पास म्हणायचं की नाही हे आधी ठरलेल्या निर्णय-नियमावर (अनिश्चितता कशी धरायची त्या रीतीवर) अवलंबून असतं. ‘पास’ शेरा हवा असेल तर तो कोणत्या नियमाने, हे मीटर देतानाच विचारा.

पुढची तारीख दिसली नाही म्हणून लॅबशी भांडू नका. आयएसओ १७०२५ प्रमाणे ग्राहकाशी ठरलेलं नसेल तर लॅबने पुढची तारीख सुचवायचीच नसते. एक वर्ष हा प्रघात आहे. रोज साइटवर आदळणाऱ्या मीटरला सहा महिनेही जास्त होतात. टेंडरमध्ये मुदत दिली असेल तर मात्र तीच पाळायची.

मधल्या महिन्यांत

प्लॅस्टिकच्या डब्यात रेझिस्टन्स बसवून एक चेक बॉक्स करा. १ मेगओहमसाठी एकच पाव वॅटचा रेझिस्टन्स लावू नका. १००० व्होल्टवर त्यात १ वॅट जातो आणि तो भाजतो. १०० किलोओहमचे दहा सिरीजमध्ये लावा. प्रत्येकावर १०० व्होल्ट आणि ०.१ वॅट, निवांत चालतात. १० मेगओहमला १ मेगओहमचे दहा. कंटिन्यूइटीसाठी (तार सलग आहे का ते बघायला) १ ओहम, अर्थ टेस्टरसाठी १० ओहम. अर्थ टेस्टरचे पी (व्होल्टेजचं) आणि सी (करंटचं) टर्मिनल एकत्र जोडायचे, आणि ई (अर्थ इलेक्ट्रोडचं टर्मिनल) व त्या जोडाच्या मध्ये १० ओहम.

टाँग टेस्टर वायरीभोवती जबडा लावून करंट मोजतो. त्याला सुट्या फेज वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या. दुसऱ्या टाँगने तीच वायर एकेरी मोजा. तिथे ४.२ अँपिअर असेल तर वेढ्यांवर ४२ च्या जवळ आलं पाहिजे. आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) टेस्टर आणि फॉल्टच्या वाटेचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या लूप टेस्टरसाठी दुकानातला एकच सॉकेट ठरवून ठेवा. सप्लायमुळे थोडा फरक पडणारच.

मीटर लॅबमधून आला त्याच दिवशी हे सगळं मोजून वहीत पहिली ओळ लिहा. पुढच्या प्रत्येक महिन्याची तुलना त्या ओळीशी. मी ५ टक्क्यांची मर्यादा धरतो. कोकणात पावसाळ्यात डब्यावर ओल चढली की मोठा मेगओहम उगाच कमी दिसतो. कोरड्या फडक्याने पुसून परत मोजा, मगच मीटरला दोष द्या.

मर्यादा ओलांडली तर मीटरला लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवायचा. मग मागच्या ठीक रीडिंगनंतर त्याने काय काय तपासलं ते वहीत शोधायचं. एका ऑगस्टमध्ये माझा मेगर १ मेगओहमला १.३१ दाखवू लागला. जुलैच्या तपासणीनंतर त्याने दोनच फ्लॅट झाले होते. दुसरा मेगर मागून आणला आणि अर्ध्या दिवसात दोन्ही ठिकाणी परत मेगर मारला.