ग्रिट चेंबर: पाण्याच्या वेगावर ताबा मिळवण्याची धडपड

सांडपाण्याबरोबर येणारी वाळू, बारीक खडी, राख, अंड्यांची टरफले यांना प्रक्रिया केंद्रात ग्रिट म्हणतात, आणि ते पाण्यातून वेगळे काढणारी टाकी म्हणजे ग्रिट चेंबर. हे कण कुजत नाहीत. ते पंपांचे इंपेलर (पाणी ढकलणारी फिरती पाती) झिजवतात आणि डायजेस्टरच्या, म्हणजे गाळ कुजवण्याच्या बंद टाकीच्या, तळाशी साचून तिची क्षमता कमी करतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठ्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहू लागला, तेव्हा रस्त्यांवरची रेतीही थेट केंद्रापर्यंत पोहोचू लागली.

सुरुवातीचे उपाय साधे होते. पाणी रुंद हौदात संथ करायचे, मग एक हौद बंद ठेवून कामगारांनी फावड्याने गाळ उपसायचा. अडचण अशी की पाणी फार संथ झाले, तर वाळूबरोबर मैलाही खाली बसतो आणि उपसलेला ढीग कुजून दुर्गंधी सोडतो. माझ्या मते ग्रिट चेंबरचा पुढचा सगळा इतिहास याच एका अडचणीभोवती फिरतो.

कण खाली बसण्यासाठी टाकीच्या खोलीपेक्षा तिचे पृष्ठफळ महत्त्वाचे असते, हे अमेरिकन अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये मांडले. ०.२ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटिमीटर खाली जातो. आडवा प्रवाह सेकंदाला सुमारे ०.३ मीटर राखला, तर असे कण तळाशी बसतात आणि हलके सेंद्रिय कण मात्र पुढे निघून जातात. पण रात्रीचा ओहोटलेला प्रवाह आणि सकाळचा लोंढा यांत मोठा फरक असल्याने हा वेग आपोआप टिकत नाही. म्हणून पाणी वाहणाऱ्या चॅनेलच्या शेवटी पाण्याची खोली प्रवाहाच्या प्रमाणात बदलेल असा प्रमाणबद्ध बंधारा बसवला जाऊ लागला, किंवा पार्शल फ्ल्यूम (प्रवाह मोजणारी, मध्ये अरुंद होणारी नाळ) वापरून चॅनेलचाच छेद अन्वस्ताकार (पॅराबोलासारखा) ठेवला जाऊ लागला.

हवा सोडण्याची कल्पना निरीक्षणातून आली. ॲक्टिव्हेटेड स्लज प्रक्रियेतील (हवा देऊन जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीतील) सर्पिल प्रवाहाच्या वायुवीजन टाक्यांमध्ये ग्रिट साचत असल्याचे दिसले आणि त्यातूनच एअरेटेड, म्हणजे हवा सोडलेले, ग्रिट चेंबर तयार झाले. त्यात कणांची निवड मुख्यतः हवेने फिरणाऱ्या पाण्याच्या वेगावर ठरते, येणाऱ्या प्रवाहावर कमी. नंतरच्या व्होर्टेक्स (भोवऱ्याच्या) यंत्रांनी कमी जागेत हेच काम गोलाकार टाकीत फिरत्या पाण्याने साधले.

त्यामुळे ऑपरेटरच्या हातातले फावडे गेले आणि ब्लोअरची (हवा सोडणाऱ्या यंत्राची) झडप आली. हवा जास्त झाली की बारीक वाळू पुढे निसटते. कमी झाली की मैला खाली बसतो, आणि तो बसल्याचे वॉशरमधून (ग्रिट धुणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणाऱ्या ग्रिटच्या वासावरून लगेच कळते.