मोठे सार्वजनिक सोहळे आणि यजमान वस्ती

ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषक, जागतिक प्रदर्शने अशा सोहळ्यांचा यजमान शहरातील लोकांच्या घरांवर, रोजगारावर आणि करांवर परिणाम होतो. त्यातले तोटे फक्त गरीब देशांत दिसतात असे वाटू शकते, पण फुगलेला खर्च, ओस पडलेली मैदाने आणि उठवलेल्या वस्त्या विकसित देशांतही आढळतात. खरा फरक पडतो तो लोकांना आधी विचारले जाते की नाही, यात.

डेन्व्हरच्या मतदारांनी १९७२ मध्ये खर्चाला नकार दिला आणि १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक इन्सब्रुकला गेले. हॅम्बुर्गने २०१५ मध्ये मतदानानेच माघार घेतली. चूक झाली, तरी श्रीमंत देश ती करांतून हळूहळू फेडू शकतो. माँट्रियलमधील १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज २००६ मध्ये फिटले, त्यातला मोठा वाटा तंबाखूवरच्या करातून आला. म्हणजे खेळ न पाहिलेल्या धूम्रपान करणाऱ्यांनीही तीस वर्षे हप्ते भरले. याउलट बार्सिलोनाच्या लोकांना (१९९२) ऑलिंपिकमुळे समुद्रकिनारा परत मिळाला. पण तिथे शहराचा आराखडा आधीचा होता, ऑलिंपिक हे निमित्त.

ब्राझीलमध्ये नकाराची पाळी उशिरा आली. २०१३ मध्ये बसभाडेवाढीवरून पेटलेल्या आंदोलनात 'फिफाच्या दर्जाची' (फिफा म्हणजे विश्वचषक भरवणारी संघटना) रुग्णालये आणि शाळा द्या, असे फलक झळकले. तोवर मैदाने उभी राहत होती. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराच्या ४०,००० हून अधिक आसनांच्या मैदानावर २०१४ च्या विश्वचषकाचे फक्त चार सामने झाले. रिओतील व्हिला ऑटोड्रोमो ही वस्ती २०१६ च्या ऑलिंपिकसाठीच्या ऑलिंपिक पार्कला खेटून होती. जमीन वापरण्याचा हक्क लेखी मिळालेला असूनही शेकडो कुटुंबे हलवली गेली. हटून बसलेल्या सुमारे वीस कुटुंबांसाठी पालिकेने २०१६ मध्ये तिथेच एकसारखी पांढरी घरे बांधली. जुन्या वस्तीतले चर्च तेवढे राहिले. (लंडननेही २०१२ साठी क्लेज लेन ही सहकारी वसाहत पाडली, पुनर्वसन झाले, शेजार विखुरला.)

फेरीवाल्यांचे नुकसान आकडेवारीत क्वचितच दिसते. विश्वचषकाच्या मैदानाभोवती अधिकृत प्रायोजकांसाठी विक्रीक्षेत्र राखून ठेवले जाते. ब्राझीलच्या कायद्यात ही हद्द दोन किलोमीटरपर्यंत होती. तिथल्या साल्वादोर शहरात अकाराजे, म्हणजे चवळीचे तळलेले वडे, विकणाऱ्या बायकांवरही ही बंदी येणार होती. त्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि अखेर मोजक्या जणींना मैदानाच्या आवारात बसू दिले गेले.