मिरीच्या दाण्यावर मिळालेली सनद: ट्रिनिटी चर्च आणि वॉल स्ट्रीटचा परिसर

९ जुलै १९७६ रोजी ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला आल्या, तेव्हा चर्चने त्यांच्या हाती जुनी थकबाकी ठेवली. मिरीचे २७९ दाणे. १६९७ मध्ये राजा तिसरा विल्यम याने चर्चला सनद दिली, तिच्यात दरसाल मिरीचा एक दाणा राजाला द्यावा असं कलम होतं. अमेरिका स्वतंत्र झाली त्याला त्याच आठवड्यात दोनशे वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे देणं असं काही उरलं नव्हतं. सगळा प्रकार गमतीचा होता. सनद मात्र गमतीची नव्हती. तिच्या आणि तिच्यामागून आलेल्या एका इनामाच्या जोरावर हे चर्च आज अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत धर्मसंस्थांमध्ये गणलं जातं.

पर्यटक ट्रिनिटीकडे पाहतो तो वास्तू म्हणून: काळपट तांबूस दगडाचं गॉथिक शैलीतलं देऊळ, उंच मनोरा, भोवती झिजलेल्या थडग्यांचं आवार, समोर वॉल स्ट्रीटचं तोंड. मला तिचा इतिहास वास्तूचा कमी आणि जमिनीचा जास्त वाटतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, पुजारी, कुळं आणि सरकार यांच्यात पिढ्यानपिढ्या वाद चालतात, तसंच हे प्रकरण आहे. फरक एवढाच, की ही शेतजमीन मॅनहॅटनमध्ये होती.

वॉल स्ट्रीटची 'वॉल' डचांची. १६५३ मध्ये, न्यूयॉर्क अजून न्यू ॲमस्टरडॅम होतं तेव्हा, इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने त्यांनी वस्तीच्या उत्तरेला लाकडी तटबंदी घातली. ती उभी करण्यात गुलामांचेही हात होते. इंग्रज १६६४ मध्ये आले ते समुद्रातून, तट तसाच राहिला आणि शहर हातचं गेलं. १६९९ मध्ये तो पाडला, रस्त्याला नाव तेवढं उरलं. चर्चची पहिली इमारत त्याच्या एक वर्ष आधी, १६९८ मध्ये, या तटाच्या कडेला उभी राहिली. मुंबईकरांना यातलं काही ओळखीचं वाटेल. तिथेही ट्रिनिटीसारखंच इंग्रजी चर्चचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या अधिकृत चर्चचं, सेंट थॉमस १७१८ मध्ये कोटाच्या आत उघडलं आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वेशीला चर्चगेट म्हणू लागले. मुंबई बेटही इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सालीना दहा पौंडांवर देऊन टाकलं होतं. राजांचे हात त्या काळी असेच सैल असत, निदान दूरच्या जमिनींच्या बाबतीत.

त्या वेळच्या न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी चर्चची माणसं मूठभर. वस्ती डच, फ्रेंच ह्यूगनॉट, क्वेकर, ज्यू अशा सरमिसळ लोकांची. तरी १६९३ च्या कायद्याने धर्मगुरूच्या पगारासाठी सगळ्यांवरच कर बसला, आणि गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर याने त्या कराचा लाभ इंग्रजी चर्चच्या पदरात पडेल असं पाहिलं. म्हणजे ट्रिनिटी सुरुवातीपासून सत्तेच्या बाजूचं चर्च. बांधकामात दगड चढवायला कप्पी आणि दोरखंड दिले ते कॅप्टन विल्यम किड याने. हाच किड पुढे चाचेगिरीसाठी १७०१ मध्ये लंडनला फासावर गेला.

या बांधकामातही गुलामांचे श्रम होते. आणि १६९७ मध्येच, सनद मिळून सहा महिने होतात न होतात तोच, विश्वस्तांनी ठराव केला की चर्चच्या आवारात काळ्या माणसांना पुरायचं नाही. मग त्यांचे मृतदेह शहराबाहेर उत्तरेच्या पडीक जमिनीत जाऊ लागले. १७११ मध्ये वॉल स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या नदीकाठी, गुलामांचा बाजार भरू लागला. एका टोकाला प्रार्थना, दुसऱ्या टोकाला लिलाव, मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. शहराबाहेरची ती काळ्यांची दफनभूमी पुढे इमारतींखाली गडप झाली. १९९१ मध्ये सरकारी कार्यालयाचा पाया खणताना ती पुन्हा सापडली. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले, अभ्यासानंतर २००३ मध्ये त्यांचं सन्मानाने पुन्हा दफन झालं आणि २००६ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ट्रिनिटीतल्या काळ्या भाविकांनी १८०९ मध्ये आपली वेगळी प्रार्थना सुरू केली. तिच्यातून सेंट फिलिप्स हे चर्च उभं राहिलं, ते शहरातल्या काळ्या वस्तीबरोबर सरकत सरकत शेवटी हार्लेममध्ये गेलं.

आता इनामाकडे. १७०५ मध्ये राणी ॲनने ट्रिनिटीला २१५ एकर जमीन दिली. ब्रॉडवेच्या पश्चिमेला, हडसन नदीच्या काठाने, आजच्या फुल्टन स्ट्रीटच्या आसपासपासून थेट ग्रीनिच व्हिलेजमधल्या क्रिस्टोफर स्ट्रीटपर्यंत. आज या पट्ट्यात एक खोली घ्यायची तर आयुष्य गहाण पडावं. तेव्हा तिथे कुरणं, दलदल आणि थोडी शेती होती, खंड येई तो किरकोळ. चर्चने त्यातले तुकडे उदारपणे वाटलेही. १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज निघालं ते ट्रिनिटीच्या शाळेच्या इमारतीत, आणि त्याला पुढे जागा मिळाली ती याच इनामातली. तेच आजचं कोलंबिया विद्यापीठ.

इनाम म्हटलं की भाऊबंदकी आलीच. या पट्ट्यातली ६२ एकर जमीन आधी आनेके यान्स नावाच्या डच बाईच्या कुटुंबाची होती. तिच्या मागे वारसांनी १६७१ मध्ये ती इंग्रज गव्हर्नरला विकली, पण खतावर एका मुलाच्या वारसांची सही घ्यायची राहून गेली. एवढीशी फट, आणि तिच्यातून दोनशेहून अधिक वर्षं दावे उगवत राहिले. एकोणिसाव्या शतकात तर आनेकेचे खरेखोटे वंशज गावोगावी मंडळं काढून वर्गणी जमवत होते: खटला जिंकला की मॅनहॅटनचा वाटा मिळणार. वर्गणी गोळा करणाऱ्यांचं भलं झालं. कोर्टांनी प्रत्येक वेळी दीर्घकाळच्या ताब्याच्या मुद्द्यावर चर्चच्या बाजूने निकाल दिला.

खरा धोका आला तो स्वातंत्र्ययुद्धात. राजासाठी प्रार्थना हा या चर्चच्या उपासनेचा भाग. १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन शहरात आले असता त्यांच्या एका अधिकाऱ्याने ती गाळण्याची सूचना केली, पण धर्मगुरू चार्ल्स इंग्लिस यांनी मानली नाही. त्याच वर्षी, इंग्रज फौजांनी शहर घेतल्यावर, २१ सप्टेंबरच्या मोठ्या आगीत ट्रिनिटीची इमारत जळून गेली. थोडं वर असलेलं तिचंच उपचर्च, १७६६ मधलं सेंट पॉल्स, लोकांनी बादल्यांनी पाणी मारून वाचवलं. मॅनहॅटनमधलं आज उभं असलेलं ते सर्वांत जुनं चर्च. इंग्रज गेले, इंग्लिसही गेले. राजाचं चर्च, राजाने दिलेली जमीन, आणि राजा तर हरलेला. जप्ती आली असती तर नवल नव्हतं. पण राज्याच्या विधिमंडळाने १७८४ मध्ये सनदेतली राजनिष्ठा काढून टाकली, विश्वस्त बदलले आणि जमीन राहू दिली. शहरातली बडी मंडळी याच चर्चच्या बाकांवर बसत होती हे विसरून चालणार नाही.

'एपिस्कोपल' हे नावही याच काळातलं. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणजे राजा. राजाला नाकारलेल्या देशात ते नाव आणि ती निष्ठा कशी चालणार? म्हणून उपासना तीच, बिशपांची परंपरा तीच, पण राजा वजा, असं स्वतंत्र चर्च १७८९ मध्ये संघटित झालं. 'एपिस्कोपल' म्हणजे बिशपांच्या व्यवस्थेतलं. त्याच वर्षी ३० एप्रिलला वॉल स्ट्रीटवर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन वॉशिंग्टन प्रार्थनेला गेले ते सेंट पॉल्समध्ये, कारण ट्रिनिटीची दुसरी इमारत पुरी व्हायला अजून वर्ष होतं.

ती दुसरी इमारत पन्नास वर्षंही टिकली नाही. बर्फाच्या भाराने छत खचलं आणि १८३९ मध्ये ती पाडावी लागली. आज दिसते ती तिसरी, वास्तुकार रिचर्ड अपजॉन यांची, २१ मे १८४६ रोजी अर्पण झालेली. मनोरा २८१ फूट. पुढची कित्येक दशकं न्यूयॉर्कमध्ये याहून उंच असं क्वचितच काही होतं, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना शहराची पहिली खूण हीच. आता तो मनोरा शोधावा लागतो. शेजारच्या १११ ब्रॉडवेच्या एकवीस मजली इमारतीला १९०५ मध्ये चर्चशी जुळणारा गॉथिक साज चढवला गेला. शेजारधर्म म्हणायचा, पण सावली पडते ती पडतेच.

आवारात मात्र ऊन अजून येतं. सर्वांत जुना दगड १६८१ चा, रिचर्ड चर्चर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाचा, म्हणजे चर्चच्याही आधीचा. गर्दी असते ती अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या थडग्यापाशी. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री, १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून गेले. ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्यांच्यावरचं संगीतक गाजल्यापासून लोक त्यांच्या आणि पत्नी एलायझा यांच्या दगडांवर फुलं आणि नाणी ठेवून जातात. रोखेबाजारापासून हाकेच्या अंतरावर अर्थमंत्र्याला दक्षिणा.

इनामाच्या जमिनीवर शहर चढत गेलं तसा चर्चचा जमीनदार म्हणून चेहरा दिसू लागला. पद्धत अशी: मोकळे भूखंड लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, घरं भाडेकरूने बांधायची, मुदत संपली की घरं चर्चकडे. जॉन जेकब ॲस्टर या धनाढ्य व्यापाऱ्यासारख्यांनी असे पट्टे घेऊन पोटभाड्यावर पैसा केला. मुदत सरत आलेल्या घराची डागडुजी कोण करणार? मुंबईत पागडीच्या चाळीत दिवस काढलेल्यांना हे गणित समजावून सांगायला नको. एकोणिसावं शतक सरताना अशी शेकडो पडकी घरं चर्चच्या नावावर होती, एकेका घरात अनेक गरीब कुटुंबं. १८८७ च्या कायद्याने भाड्याच्या घरांत प्रत्येक मजल्यावर पाणी देणं सक्तीचं केलं. ट्रिनिटी त्याविरुद्ध कोर्टात गेलं: भरपाई न देता मालकाला खर्चात पाडणं घटनाबाह्य आहे, असा युक्तिवाद. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो फेटाळला. घरमालकावर आरोग्याची जबाबदारी टाकता येते, या तत्त्वासाठी तो निकाल पुढे दाखवला जाऊ लागला. एका चर्चच्या नावाने आणि त्याच्या हरण्याने. १९०८ च्या सुमारास मासिकांनी या घरांची लक्तरं चव्हाट्यावर मांडली, तेव्हा कुठे चर्चने आपले हिशेब जाहीर केले आणि चाळी पाडायला घेतल्या.

व्हॅरिक स्ट्रीटवरचं सेंट जॉन्स हे उपचर्च याच धोरणाचं दुसरं टोक. १८०७ मधलं देखणं चर्च, समोर श्रीमंतांच्या घरांनी वेढलेली बाग. १८६० च्या दशकात बाग रेल्वेला विकली, झाडं तोडून तिथे मालधक्का झाला, शेजार उठून गेला. रस्ता रुंद होताना १९१८ मध्ये चर्चही पाडलं. आज त्या बागेच्या जागी हॉलंड बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या गोल फिरतात.

चाळींच्या जागी चर्चने छापखान्यांसाठी भक्कम इमारती बांधल्या, जड यंत्रं पेलतील अशा काँक्रीटच्या जमिनींच्या. छापखाने गेले, मग जाहिरातवाले आले, मग संगणकवाले. हाच आजचा हडसन स्क्वेअर. २१५ एकरांतले जेमतेम १४ एकर आता उरलेत, पण त्यांचं मोल अब्जावधी डॉलर. २०१८ मध्ये डिस्ने कंपनीने इथला एक भूखंड ९९ वर्षांसाठी घेतला, ६५ कोटी डॉलर मोजून. पट्ट्याची रीत तीच जुनी.

११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले ते सेंट पॉल्सच्या अगदी मागे. चर्चची काचही फुटली नाही, आवारातलं एक जुनं सिकॅमोर झाड मलब्याच्या माऱ्यात आडवं झालं. पुढचे आठ-नऊ महिने तिथे बचाव कामगार जेवले, बाकांवर झोपले.

दहा वर्षांनी आणखी एक गर्दी आली. वॉल स्ट्रीटच्या विरोधात झुकॉटी पार्कमध्ये तळ ठोकलेल्या आंदोलकांना चर्चने आधी खोल्या आणि स्वच्छतागृहं वापरू दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये पोलिसांनी तळ उठवल्यावर त्यांनी कॅनाल स्ट्रीटजवळचा चर्चचा रिकामा भूखंड मागितला. चर्चने नाही म्हटलं. १७ डिसेंबरला लोक शिडी लावून कुंपणावरून आत उतरले. सर्वांत पुढे होते एपिस्कोपल चर्चचेच निवृत्त बिशप जॉर्ज पॅकर्ड, झग्यात. आपल्याच चर्चच्या जमिनीवर घुसखोरी केल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडलं, आणि पुढच्या जूनमध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.